पासपोर्टवरचं वय

"सिस्टर, हा माझा धाकला भाव," बोर्ली पंचतनच्या कॅम्पात युसूफभाई म्हणाले आणि माझं पेन थांबलं. माझ्या यादीत युसूफभाई त्रेपन्न वर्षांचे. हा धाकटा इस्माईल सत्तावन्नचा.

मी प्रोजेक्टची फील्ड नर्स. रक्त, हाताची पकड, चालण्याचा वेग, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा मोजून आम्ही शरीराचं वय काढतो. ते कागदावरच्या वयापेक्षा बरंच जास्त आलं तर पुढे हृदयविकार, डायबेटिसचा धोका. अशांची लाल यादी, त्यांच्या पुढच्या तपासण्या होतात. बाकीचे हिरवे, त्यांना रिपोर्ट दिला की झालं. इस्माईलभाईंचं शरीर छप्पन्नचं निघालं, म्हणजे हिरवे. रिपोर्ट न्यायला आले होते. चार दिवसांनी दुबईची फ्लाइट.

"भाई, खरं वय किती?"

ते चुळबुळले. "पासपोर्टवर हाय तेच."

"काय तेच?" युसूफभाई वैतागले. "सोळा वर्साचा होता. एजंटनं चोवीस लिवून दुबईला धाडला."

म्हणजे आज एकोणपन्नास. माझ्याच आळीत असे दोघं आहेत, तरी मी पासपोर्ट बघून आकडा उतरवला होता. स्वतःचीच चीड आली. सात वर्षं जास्त झिजलेल्या माणसाला मी शाबासकी देऊन विमानात बसवत होते.

प्रोजेक्टच्या प्रमुख मॅडमना फोन लावला.

"कागदाप्रमाणेच जायचं. प्रोटोकॉल आहे."

"मॅडम, कागद खोटा आहे. रक्तवाहिन्या खऱ्या आहेत."

त्यांनी दोन्ही भावांची वयं पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाल्या, "लाल यादीत घे."

पण इस्माईलभाई उठूनच उभे राहिले. "खरं वय कुटं लिवू नका. नोकरी जाईल माजी."

आमच्याकडे नावाऐवजी नंबर असतो, हे मी त्यांना फॉर्म उघडून दाखवलं. तरी पाय दाराकडेच. शेवटी युसूफभाईंनी त्यांचा पासपोर्ट स्वतःच्या खिशात टाकला आणि त्यांना गाडीत बसवलं.

अलिबागच्या हॉस्पिटलात ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात, ती टेस्ट डॉक्टरांनी मध्येच थांबवली. अँजिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले, एक जवळजवळ बंद. फ्लाइट रद्द झाली, स्टेंट बसले. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. आता बोलतात.

मशीन शरीराचं वय बरोबर सांगतं. माणसाचं वय त्याच्या भावाला विचारावं. फॉर्मवर तसा प्रश्नच मी वाढवला आणि पहिल्याच आठवड्यात चार हिरवे लाल झाले. आधीच्या हिरव्यांना आता एकेक फोन करतेय. निम्म्यांचे नंबर लागत नाहीत. ते विमानात बसून गेले.