इथुंगूची तार

नातीची मान वाकडी होतेय हे सगळ्यांत आधी इथुंगूच्या लक्षात आलं, आणि दोष तिने पट्ट्याला दिला. रुवेन्झोरी डोंगराच्या उतारावर बाया मोळी पाठीवर घेतात आणि तिचा पट्टा कपाळावर लावतात. सगळा ताण मानेवर. म्बाम्बू सातव्या वर्षापासून तो पट्टा लावत होती. आता अकरावं सरत आलं होतं, तर डोकं डाव्या खांद्याकडे कललेलं, हनुवटी पुढे आलेली. पोरीची आई नव्हती. इथुंगूने पट्टा खुंटीला टांगला आणि साठी उलटलेली असताना स्वतः मोळ्या वाहू लागली. वर्षाचे दोन्ही पावसाळे गेले. मान सरळ झाली नाही.

मग शाळेत दात तपासायला खालच्या दवाखान्यातला मुहिंदो आला. त्याने म्बाम्बूला दात मिटायला लावले, तसा तिचा खालचा जबडा डावीकडे सरकला. त्या बाजूचा खालचा सुळाच नव्हता. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलंडले होते, त्यामुळे वरखालचे दात जुळवायला जबडा दर घासाला बाजूला जात होता. मुहिंदोने इथुंगूला बोलावून घेतलं. जबडा सरकला की मान वाकतेच असं नाही, तो म्हणाला, पण वाढत्या वयात ही दोन्ही एकमेकांना ओढतात. हिच्या बाबतीत कोणी कोणाला किती ओढलं, ते त्यालाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

"एक मात्र नक्की, आजी. हा सुळा पडलेला नाही. ही तान्ही असतानाच हिरडीतून कोणीतरी उकरून काढलाय. कुणाकडे नेलं होतं हिला?"

"आठवत नाही," इथुंगू म्हणाली.

तिला सगळं आठवत होतं. तान्ह्या बाळाला ताप-हगवण लागली आणि हिरडीवर पांढरट फुगवटा दिसला, की तो खोटा दात. तोच बाळाला आतून खातो. सासूने तिला हे शिकवलं होतं. सायकलच्या चाकाची तार दगडावर घासून तिने तीस वर्षं असे दात काढले आणि तो पांढरा दाणा तळहातावर घेऊन आयांना दाखवला. म्बाम्बू पाच महिन्यांची असताना तिचेही काढले. डावीकडे तार जरा जास्तच खोल घातली. घरचं लेकरू, काही मागे राहायला नको.

महिन्याभरात वरच्या वस्तीवरची बीरा बाळाला घेऊन दारात आली. दोन दिवसांची हगवण, डोळे खोल गेलेले. इथुंगूने तार काढली नाही. मीठ-साखरेचं पाणी पाज आणि खाली दवाखान्यात ने, असं तिने सांगितलं.

"हात कापायला लागले का गं आजी?" बीरा म्हणाली. "की तुझी तार आता फक्त घरच्यांपुरती?"

इथुंगूने म्बाम्बूला हाक मारली. कसाव्याचे कंद सोलत बसलेली पोर उठून आली. हसतानासुद्धा ती तोंडावर हात धरायची.

"तोंड उघड. हिला दाखव."

म्बाम्बूने आजीकडे पाहिलं, मग उघडलं.

"आता मीट."

जबडा सरकला.

"हे मी केलंय," इथुंगू म्हणाली. "तारेने. उगाच पट्ट्याला बोल लावत बसले."

बीराने वाकून त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. बाळाचं रडणं बारीक झालं होतं.

"पण जगली ना," ती म्हणाली. "वाकडी का असेना, तुझ्या अंगणात उभी आहे."

म्बाम्बू कशाने जगली हे इथुंगूला तेव्हाही कळलं नव्हतं, आताही ठाऊक नव्हतं. बीराने बाळ पाठीशी बांधलं आणि ती निघाली. दवाखान्याच्या नाही, नदीच्या वाटेने. पलीकडच्या काठावर आणखी एक म्हातारी होती आणि तिच्याकडेही तार होती. इथुंगू कुंपणापर्यंत धावली, हाका मारल्या. बीराने मागे वळून पाहिलं नाही.

इथुंगू अंगणात परत आली तेव्हा म्बाम्बूने खुंटीवरचा पट्टा काढून घेतला होता. तो कपाळाला लावून ती लाकडांना गेली. इथुंगूने तिला थांबवलं नाही. थांबवायला आता कोणतं कारण सांगणार होती?

चौथ्या दिवशी बीराच्या घराकडून बायकांचं रडणं ऐकू आलं. म्बाम्बू अंगणात मोळी सोडत होती. नुसती मान तिकडे वळेना, म्हणून ती अख्खीच वळली आणि आजीकडे पाठ करून ऐकत उभी राहिली.