डुकरांची ओळखपाळख

आमच्या फार्मवरचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. तिथे रोज काही तरी घडायचं आणि त्याचा अर्थ लागायचा नाही. अर्थ न लागलेली गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून ते साठत गेले.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. जबलपुरातल्या मराठी घरांतला जो तो कुठल्या ना कुठल्या फॅक्टरीत चिकटलेला. मला छावणीजवळच्या एका फार्मवर क्लार्कची जागा मिळाली. मला वाटलं, गाई-म्हशी असतील. पहिल्या दिवशी आत गेलो, तर डुकरं! पलटणीच्या मेससाठी पाळलेली. दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या सोवळ्याच्या घरी हे कसं सांगावं, मला कळेना. महिन्याभराने आईनेच विचारलं, "फार्मवरून दूध काहून नाही आणत रे?"

मी म्हटलं, "सगळं मिलिटरीला जाते."

*

वाढलेली डुकरं एका कप्प्यातून दुसऱ्यात घातली की मारामारी ठरलेली. कान फाटायचे, एखादं लंगडायचं. फार्म ज्यांच्या हाताखाली होता ते जनावरांचे डॉक्टर मुळे औषध लावून कंटाळले होते.

एकदा सुताराने लॉरीच्या दुरुस्तीसाठी दोन कप्प्यांमधल्या फळ्याच काढून नेल्या. त्यामुळे तिथल्या दोन डुकरिणींची पिल्लं लहानपणापासून एकत्र हुंदडली. पुढे ती मोठी झाल्यावर परक्या कळपात घातली. आम्ही काठ्या घेऊन उभे. त्यांनी एकमेकांना हुंगलं, थोडं ढकललं आणि झोपली.

डॉक्टरांनी सुखलालला याचं कारण विचारलं. तो डुकरांचा रखवालदार, वीस वर्षं त्यांच्यात वावरलेला. तो म्हणाला, "बचपन की पहचान है, साहब."

"अरे, पण हे दुसरे तर त्यांना आजच भेटले."

सुखलालने झोपलेल्या डुकरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो पहचान करना सीख गए होंगे."

*

डॉक्टरांनी सगळ्याच फळ्या काढायला लावल्या. मारामाऱ्या कमी झाल्या, पण माझं रजिस्टर बिघडलं. त्यात प्रत्येक पिल्लापुढे आईचा नंबर लिहावा लागे, आणि पिल्लं सापडेल तिथे दूध पिऊन राहिली होती. मी डॉक्टरांना विचारायला गेलो. त्यांनी सात नंबरची डुकरीण पाहिली, तिच्याजवळची पिल्लं पाहिली आणि म्हणाले, "तिला विचारा."

*

बायकोला तोवर फार्मचं कळलं होतं. आमची कुसुम चार वर्षांची. तिला माती लागू नये म्हणून बायको अंगणात सोडत नसे, आणि कोणी मूल घरी आलं की कुसुम त्याला चावायची. मी बायकोला फळ्यांची गोष्ट सांगितली.

"माह्या पोरीले तुम्ही डुकरासंग मोजून राहिले?"

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी घरी आलो, तर कुसुम शेजारच्या मुलांबरोबर अंगणात चिखल कालवत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "चूप राहा."

*

राणी नावाच्या डुकरिणीचं मला अजून कळलेलं नाही. जन्मतःच अशक्त म्हणून सुखलालच्या बायकोने तिला चुलीपाशी, माणसांत वाढवलं. मोठी झाल्यावर कळपात घातली, तर तिला डुकरांची रीतच कळेना. दुसरं गुरगुरलं तरी ती बाजूला व्हायची नाही, म्हणून मार खायची. मग कुंपणापाशी येऊन माणसांची वाट बघत बसायची.

एके सकाळी कळप कत्तलखान्याला न्यायला लॉरी आली. यादीत राणीही होती. एकही डुक्कर लॉरीला लावलेल्या फळीवर चढेना. वर माणसं दिसताच राणी सरळ चढून गेली, आणि जी डुकरं तिला जवळ उभी राहू देत नव्हती, ती एकेक करून तिच्या मागे चढली.

ड्रायव्हर फळी काढायला निघाला, तोच सुखलालने हळूच हाक मारली, "रानी."

ती उतरली. तिच्यामागे सगळा कळप उतरला. दुपारपर्यंत आम्ही धडपडलो, एकही परत चढलं नाही. उद्या येतो म्हणून ड्रायव्हर रिकामी लॉरी घेऊन गेला.

संध्याकाळी सुखलालने माझ्याकडून रजेचा अर्ज लिहून घेतला. कारण सांगितलं, "लड़की को ससुराल पहुँचाना है." सुखलालला मूलबाळ नव्हतं, हे सगळ्या फार्मला माहीत होतं. डॉक्टरांनी अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

सकाळी लॉरी आली, तेव्हा सुखलाल आणि राणी दोघंही फार्मवर नव्हती, आणि यादीतलं राणीचं नाव डॉक्टरांच्याच पेनने खोडलेलं होतं.