शिशाची पळी आणि तीन ठोके

या सदरातल्या भुताखेताच्या गोष्टी मी चवीने वाचतो आणि हसून सोडून देतो. माझा विश्वास पाना-पक्कडीवर! पण एक गोष्ट साठेक वर्षं पोटात आहे, ती आज सांगून टाकतो.

साठ-बासष्टचा उन्हाळा. श्रीवर्धनच्या बाजूचं आमचं गाव – नाव नको. मी पाणीपुरवठ्यात फिटर, वय चोवीस, अंगात मस्ती भरपूर. डोंगरावरच्या टाकीपासून सुपारीच्या वाड्यांतून बाजारपेठेपर्यंत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पाइपलाइन. तिचा प्रत्येक जॉइंट मला तोंडपाठ. हे बढाई म्हणून सांगत नाही... बरं, बढाई म्हणूनच सांगतो.

त्या दिवशी देवळामागच्या वाडीत एक जॉइंट फुटला. सकाळपासून गावाचं पाणी बंद. तेव्हा जॉइंटमध्ये ताग ठासून वर वितळलेलं शिसं ओतायचे. आत पाणी असलं तर ते शिसं उसळून तोंडावर येतं... डोळेच जातात. म्हणून नियम असा, की टाकीवरच्या माणसाने वॉल्व्ह बंद करून पाइपवर हातोडीचा एक ठोका द्यायचा. लोखंडातून तो खाली ऐकू येतो. एक ठोका म्हणजे बंद आहे, ओत. तीन म्हणजे पाणी येतंय, बाजूला हो. फोन कुठला आलाय तेव्हा!

हे मला शिकवलं महादूबाबांनी. टाकीवर जन्म काढला त्यांनी. त्यांचे तीन ठोके वेगळे – दोन लागोपाठ, मग श्वास घेण्याइतकं थांबून तिसरा. "दोन कामाचं, तिसरा तुज्यासाटी रं," म्हणायचे. आदल्या पावसाळ्यात ते वारले. त्यांच्या जागी गणपत आला होता.

भर दुपार. मी खड्ड्यात, वर माझा जोडीदार रघू शिसं तापवत होता. ठोका काही येईना.

"गणपत झोपला वाटतं," रघू म्हणाला. "थांबूया जरा."

"बाजारपेठ कोरडी पडलीय आणि थांबूया? धार थांबलीय, म्हणजे केला असेल बंद. आण पळी!"

पळी तिरकी करणार, तेवढ्यात पाइप वाजला. टण् टण्... टण्.

पळी खड्ड्याबाहेर फेकली आणि उडी मारून वर आलो. मागोमाग जॉइंटमधून पाण्याची धार सुटली. माझं तोंड होतं तिथेच.

गणपतला शाबासकी द्यायला आम्ही चढ चढू लागलो, तर तोच धापा टाकत समोरून आला.

"ओतू नका! वॉल्व्ह बसतच न्हाय, पानी सुटलंय!"

"अरे, ठोकलंस ना तू!"

"कशानं ठोकू? हातोडी तुमच्याच पिशवीत हाय! मी मगाधरनं धावतोय."

पिशवी उघडली. हातोडी त्यातच होती. सकाळी टाकीवरून निघताना मीच चुकून टाकली होती.

मग वर जाऊन वॉल्व्ह दुरुस्त केला, जॉइंट नीट कोरडा केला आणि शिसं ओतलं. संध्याकाळी बाजारपेठेत पाणी आलं. "माज्या लेकानं आनलं पानी," असं आई नळावर येईल त्या बाईला सांगत होती. छाती अशी फुगली होती म्हणून सांगू!

रघू म्हणायचा, पाइपमधली हवा वाजली असेल. हवेने पाइप वाजतो, हे मीही मान्य करतो. पण हवा दोन ठोके देऊन श्वासापुरती थांबते का?

तो जॉइंट मी नोकरीत होतो तोवर एकदाही गळला नाही. आणि आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत, स्वतःच्या हाताने लिहिलंय.