दाजींच्या होडीचा पंखा

शांततेवर आमच्या दाजींचा जेवढा जीव होता तेवढा साऱ्या मराठवाड्यात कुणाचा नसेल, आणि शांततेपायी त्यांनी जेवढा गोंगाट केला तेवढाही कुणी केला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नवीन जालन्यात स्टेशनाजवळच्या एका जिनिंगमध्ये ते तीस वर्षं फिटर होते. कापसातून सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांच्या धडधडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. दाजींच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरीही त्यांचा आवाज खाली येत नसे. भाजीत मीठ कमी आहे हे ते आक्काला सांगत आणि अख्ख्या आळीला कळे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा भरल्या बैठकीत त्यांनी माझ्या कानाशी लागून, त्यांच्या मते अगदी हळूच, सांगितलं, "पोरगी बराबर हाय, पण सासरा लई बडबड्या दिसून राह्यला." माझे सासरे त्यानंतर त्या दिवसभर एक शब्द बोलले नाहीत.

त्यांच्याजवळ हातभर लांबीची एक शिसवी काठी होती. तिचं एक टोक यंत्राला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि कोणतं बेरिंग कोरडं पडलंय ते सांगायचं. त्यात ते सहसा चुकत नसत, त्यामुळे काठीवरचा त्यांचा विश्वास देवावरच्या विश्वासाच्या थोडा पुढेच गेला होता. ती ते भिंतीवरच्या घड्याळाला लावत, आक्का दळायला बसली की जात्याला लावत. एकदा शेजाऱ्याच्या म्हशीच्या पोटाला लावून आत सगळं बिलकुल ठीक चालू आहे असा निर्वाळा त्यांनी दिला, आणि दुसऱ्याच दिवशी म्हैस सुखरूप व्याली. तेव्हापासून लोक त्यांना गोठ्यातही बोलावू लागले. एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. शाफ्ट, म्हणजे यंत्राचा दांडा, फिरत असेल तर, किंवा फिरत असेल असा नुसता संशय असेल तरी, त्याला हात लावायचा नाही. जिनिंगमधल्या एका सोबत्याची तीन बोटं त्यांनी डोळ्यांदेखत जाताना पाहिली होती. विहिरीवर रहाट सुरू असला तरी दाजी दोन पावलं मागे उभे राहत.

होडीचं वेड त्यांनी मुंबईहून आणलं. यंत्राचे सुटे भाग आणायला गेलेले असताना त्यांनी बंदरावर शिडाचं एक मोठं जहाज समोरून जाताना पाहिलं. एवढं मोठं धूड हलतंय आणि आवाज नाही, हे त्यांना खरंच वाटेना. परत आल्यावर पंधरा दिवस ते जेवताजेवता थांबत आणि म्हणत, "आवाज न्हाई त्याला. बिलकुल न्हाई." पुढे नोकरी सोडून ते घनसावंगीच्या बाजूला, गोदाकाठच्या आपल्या गावी जाऊन राहिले आणि त्यांनी होडी बांधायला काढली. गावच्या सुतारानं आयुष्यभर बैलगाड्याच केल्या होत्या. त्यामुळे होडीही गाडीसारखी ऐसपैस झाली, फक्त चाकं तेवढी नव्हती. पावसाळा ओसरू लागला की पश्चिमेचा वारा नदीच्या वाहण्याबरोबर वाहतो. त्या वाऱ्यावर शीड लावून खाली जायचं आणि परतीला इंजिन, असा दाजींचा बेत होता. इंजिन एका जहागीरदाराच्या मोडीत निघालेल्या मोटारीचं होतं. लढाईचे दिवस होते, पेट्रोल चिठ्ठीवर मिळे. पण दाजींना इंजिनाचं कौतुक नव्हतंच, सारा जीव शिडात होता.

आणि तिथेच घोडं अडलं. शिडावर होडी चालली की इंजिन बंद असतं खरं, पण खालून सरकणारं पाणी होडी ढकलणाऱ्या, बुडाखालच्या पंख्याला स्वस्थ बसू देत नाही. पंखा फिरला की शाफ्ट फिरतो, शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो ती नळी गुणगुणते, आणि ती गुणगुण फळ्याफळ्यांतून साऱ्या होडीत पसरते. पंख्याच्या अडथळ्यानं होडी मंदही होते, पण वेगाशी दाजींना काही देणंघेणं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी काठी लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. घरी येऊन आक्काला म्हणाले, "पंखा थांबला की मंग तुला बसवतो. तवर न्हाई." आक्का म्हणाली की तिला काही हौस नाही. पण दर वर्षी पाणी निवळलं की ती आपलं ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकी, हे मी पाहिलेलं आहे.

पंखा थांबवण्याचे दाजींचे प्रयोग तीन वर्षं चालले. मोटार उभी करताना गिअरमध्ये टाकून ठेवतात तसं त्यांनी प्रथम केलं. पण इंजिन इतकं झिजलेलं होतं की पंखा दम खात खात फिरतच राहिला. मग दोरी आली. शाफ्टला दोरीचे वेढे देऊन तिचं टोक बसायच्या फळीला बांधलं. त्या दिवशी गिरदावर साहेब गावात आले होते. मी अंबडच्या तहसिलीत कारकून, म्हणजे ते माझे वरिष्ठ, म्हणून मीच मोठ्या हौसेनं त्यांना होडीत बसवलं. जाताना सगळं छान झालं. परतीला दाजींनी दोरी न सोडताच इंजिन चालू केलं. दोरी गुंडाळली जाऊ लागली, फळी उखडली, आणि साहेब फळीसकट इंजिनाच्या दिशेनं सरकू लागले. इंजिन बंद पडलं तेव्हा त्यांची शेरवानी आणि इंजिनाचा फिरता पट्टा यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. माझी बढती पुढे दोन वर्षं लांबली. तो योगायोगही असेल.

शेवटी, घाट उतरताना गाडीच्या चाकाला लाकूड दाबून धरतात ते पाहून दाजींना युक्ती सुचली. बाभळीचे दोन ठोकळे, आतून चामडं, आणि आवळायला एक मोठा स्क्रू. शाफ्टला दोन्हीकडून गच्च चिमटा. पहिल्यांदा तो आवळला तेव्हा मला वाटलं, झालं काम. दाजींनी काठी लावली, डोळे मिटले आणि मान हलवली. "अजून फिरून राह्यलाय." शाफ्ट फळ्यांखालच्या अंधारात होता, गोल आणि गुळगुळीत, त्यामुळे फिरतोय की थांबलाय ते डोळ्यांना कळण्यासारखं नव्हतं. मला काही ऐकू येत नव्हतं, पण तीस वर्षं मुरलेल्या कानापुढे कारकुनाच्या कानाची काय किंमत? चामडं जाड झालं. दुसरा चिमटा आला, मग तिसरा. दर वेळी काठी लागे आणि दर वेळी निकाल तोच. त्याच दिवसांत दाजींची तक्रार सुरू झाली की हल्ली सगळी माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. फक्त एकदा, तिसरा चिमटा बसवता बसवता, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कान चाल्ले माझे. ते जायच्या आधी एक बार नुसतं पाणी ऐकायचंय. तुझ्या आक्काला बसवून."  मी त्यांच्या हातात पाना दिला.

त्या वर्षी अश्विनात आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून सरळ काठावर आली. पंखा फिरो नाहीतर थांबो, आज मी बसणार, असं तिनं सांगितलं आणि ती बसली. दाजींचं काही चाललं नाही. शीड भरलं. नदी रुंद आणि पिवळसर, उतरतं ऊन, काठावरची ज्वारी आपोआप मागे सरकतेय, आणि आपण बसलोय त्या जागीच बसलोय. मला तर डोळे उघडे ठेवून झोप लागल्यासारखं झालं. दाजींनी तिन्ही चिमटे आवळले, काठी शाफ्टला लावली, आणि त्यांचे खांदे पडले.

"फिरून राह्यलाय," ते म्हणाले.

आक्कानं वाकून फळी सरकवली आणि शाफ्टवर सरळ हात ठेवला. दाजी ओरडले, तिचं मनगट धरायला धावले. तिनं हात काढला नाही. त्यांचाच हात धरून तिनं शाफ्टवर ठेवला आणि आपल्या हातानं दाबून धरला. शाफ्ट गार होता, निश्चल. बहुधा पहिला चिमटा लागला तेव्हापासून तो तसाच थांबत असावा.

 मग दाजींनी काठी उचलली, तिचं टोक कशालाच न लावता हवेत धरलं आणि दुसरं कानाला लावलं. ऐकलं. काठी खाली ठेवली.

"मंग हा आवाज माझाच हाय," ते म्हणाले. तीस वर्षांची जिनिंग त्यांच्या डोक्यात अजून सुरू होती, आणि तिला लावायला चिमटा नव्हता.  मी शिडाकडे बघत राहिलो.

थोड्या वेळानं दाजी आक्काकडे वळले. "पाणी कसं वाजून राह्यलंय? तू सांग."

आक्का जन्मभर हळू बोलली. घरात मोठ्यानं बोलणारा एक पुरे, असं तिचं म्हणणं असे. ती कडेवरून वाकली, कान देऊन ऐकलं, मग दाजींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगू लागली. "दूध तापाय लागल्यावर कडेकडेनं वाजतं नं, तसं. मधीच गप बसतं. मंग पुन्ना येतं." दोन्ही काठांवरची माणसं उभी राहून बघू लागली. दाजींनी डोळे मिटले होते.

"बराबर," ते म्हणाले. "अन् आता?"

आक्का पुन्हा वाकली, ऐकलं, पुन्हा ओरडून सांगितलं. अंधार पडेपर्यंत हेच चाललं होतं. त्या आरडाओरड्यात मला स्वतःला पाणी काही ऐकू आलं नाही. पण त्या दोघांचा हेवा वाटला, तो अजून वाटतो.