हे कुणाकडचं

पत्रकात 'कदाचित' लिहायचं नाही, हे मला बाबांनी शिकवलं. गिरणीतलं काम सुटल्यावर ते बोरीवलीत आले आणि पाणी, रेशन, अंधश्रद्धा, जे समोर येईल त्यावर पत्रकं काढत राहिले. दादा प्रुफं तपासायचा, मी घड्या घालायचे. "शंका घरी ठेवायची, कागदावर नाही," असं बाबा म्हणायचे.

दादा एकोणीस वर्षांचा असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. बाबांनी 'हा आजार आहे, करणी नव्हे' असं पत्रक काढून आमच्याच सोसायटीत वाटलं. दादाला कोणी विचारलं नाही.

मालाडची आत्याही आजारच मानायची, फक्त तो कुठून आला हे तिला ठाऊक होतं. "आमच्यात असलं कोणी नाही हो वहिनी. तुमचेच मामा घर सोडून गेले होते ना?" दर भेटीत एकदा तरी. स्त्रियांच्या बाजूने पानंच्या पानं लिहिणारे माझे बाबा त्या वेळी चहा पीत बसायचे.

पुढे मला नोकरी लागली ती शास्त्रज्ञांचं काम सोप्या मराठीत लिहून देणाऱ्या एका लहानशा ऑफिसात. एका संशोधनासाठी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं रक्त हवं होतं, जनुकं तपासायला. मी लिहिलं, 'या आजाराचं मूळ तुमच्या रक्तात शोधता येईल. पुढे या.' शास्त्रज्ञांच्या मसुद्यात आणखी दोन परिच्छेद होते. यात असंख्य जनुकांचा थोडा थोडा हात असतो, परिस्थितीचाही असतो, आणि कोणालाही स्वतःचा निकाल मिळणार नाही. मला ते पाल्हाळ वाटलं. मी काढून टाकलं. त्यांनी ते संमतीपत्राच्या चौथ्या पानावर परत घातलं. पत्रक माझंच राहिलं.

आईने ते ओट्याशी उभं राहून वाचलं आणि आम्ही चौघं रक्त द्यायला गेलो. दादा बाही वर करत म्हणाला, "सगळ्यांचं घेतायत ते बरं. नाहीतर मला वाटलं असतं, माझ्यातच काहीतरी आहे."

परत येताना आई रिक्षात म्हणाली, "आता एकदाचं कळेल, कुणाकडचं आहे ते."

चौथं पान मला पाठ होतं. मी रस्त्याकडे बघत बसले.

त्याच वर्षी दुसरं काम आलं, चक्रीवादळाचा अंदाज कसा वाचायचा याचं पत्रक, गोराईच्या मच्छीमारांसाठी. नकाशावर वादळाच्या वाटेचा पट्टा पुढे रुंद होत जातो. केंद्र त्यात कुठूनही जाऊ शकतं, आणि वारा पट्ट्याबाहेरही झोडपतो. इथे मी एकही 'शकतं' गाळलं नाही. माणूस बुडेल, ही भीती होती. गावच्या सभेत एका कोळणीने विचारलं, "माझ्या घराचं सांग. पत्रे राहणार का जाणार?"

"मावशी, एका घराचं नाही सांगता येत. किनाऱ्याचं सांगता येतं."

"मग किनाऱ्याला सांग ना. मला कशाला बोलावलंस?"

सगळे हसले. मीही हसले. खाडी ओलांडताना बोटीत कळलं की एका परक्या बाईला मी जे तोंडावर सांगितलं, ते घरी सांगितलेलं नाही. तरीही सांगितलं नाही.

दीड वर्ष आई विचारत राहिली, "आला का गं रिपोर्ट?" शेवटी मी तिला संशोधनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते सभ्यपणे चौथं पान बोलले. थोडं आईकडून येतं, थोडं वडिलांकडून. एका घराचं बोट ठेवून सांगता येत नाही.

"पण तुम्ही लिहिलं होतंत," आई म्हणाली आणि पर्समधून पत्रक काढलं. घड्यांवर ते फाटत आलं होतं.

"ही भाषा आमची नाही," डॉक्टर म्हणाले.

"माझी आहे," मी म्हणाले.

आई माझ्याकडे वळली नाही. तिने पत्रक परत पर्समध्ये ठेवलं. घरात शिरल्यावर म्हणाली, "दोन्हीकडून येतं म्हणाले ना? तेवढं वन्संना लिहून दे. तुझ्या त्या भाषेत. आणि कदाचित-बिदाचित घालू नकोस."

मी लिहिलं, 'हा आजार दोन्हीकडून येऊ शकतो. आपल्या घरात तो कुणाकडून आला, हे आज कोणालाही सांगता येत नाही.' यापेक्षा खरं मला काही लिहिता आलं नाही.

आईने ओट्याशी उभं राहून वाचलं. "हे तर वन्संनाही चालेल," ती म्हणाली. कागदाची घडी करून तिने तो दादाच्या गोळ्यांच्या डब्याखाली सरकवला. तो मालाडला कधी गेला नाही.

बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "मथळा काय दिलास गं?"

"तुम्ही चहा घ्या," आई म्हणाली.