ग्रहणात चिरलेली भेंडी

भेंडीचा चिकटा बोटांना लागला की बालाघाटच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. नुकत्याच जन्मलेल्या पोरीचं आतडं बेंबीशेजारून पोटाबाहेर आलं होतं आणि मी, तिथली नर्स, त्यावर सलाइनमध्ये भिजवलेलं कापड ठेवत होते. सासू बाळंतिणीच्या तोंडावर म्हणाली, "ग्रहणात भेंडी चिरत बसलती. पोरीचं पोट हिनंच चिरलं." नागपूरला न्यायची गाडी यायच्या आत पोरगी गेली. बाळंतिणीनं माझा हात धरला. "सिस्टर, माह्याच्यानंच झालं का हे?" नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मलाही तेव्हा तिसरा महिना होता. मी हात सोडवून घेतला. माझा मुलगा आता दहावीला आहे, धडधाकट. त्याच्या वेळी ग्रहण आलं तेव्हा मी दिवसभर सुरीला हात लावला नव्हता.