दोरीवरचं झबलं

दुपारचा खेळ सुटला आणि आम्ही तिघे थिएटरसमोरच्या टपरीवर चहाला थांबलो. सिनेमा युद्धातल्या वैमानिकांचा होता. बापटांचं म्हणणं, त्या लढाईच्या काळात असली विमानं आपल्याकडे नव्हतीच. शिंदे म्हणाले, "विमानांचं सोडा हो, मधेच ते गाणं कशाला घातलं?" शत्रूच्या गावावर बॉम्ब टाकतात तो प्रसंग मात्र अप्रतिम, यावर दोघांचं एकमत झालं.

"त्यातली ती गच्ची पाहिलीत?" मी विचारलं. "दोरीवर कपडे वाळत होते. एक झबलंही होतं."

"कुठली गच्ची?" शिंदे म्हणाले.

बापट हसले. "अहो, ते सगळं कॉम्प्युटरवर केलेलं असतं."

असेलही. म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसून ते झबलं काढलं, त्याला चिमटा लावला आणि मग पेटवून दिलं. निदान त्याने ते पाहिलं तरी. खऱ्या लढाईत तेवढंही कुणी पाहत नसेल. कपडे वाळत घालणारी बाई संध्याकाळी ते काढायला येणारच असते. येऊ की नाही, हा विचारही तिच्या मनाला शिवत नाही. एवढा भरवसा वरून कुणाला कसा दिसावा?

चहा संपेपर्यंत बापटांनी सिनेमाला साडेतीन स्टार दिले. मी वाद घातला नाही. गच्चीवरून धूर उठला तेव्हा सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. झबलं पाहूनही मी वाजवत होतो.